आधी भोक, मग मूठ

माझी पहिली पटाशी घडवायला दोन दिवस लागले आणि मूठ बसवायला वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांनी दोन दिवसांची वाट लावली. जुन्या कानशीचं पातं होतं, पाणी छान चढलं होतं (म्हणजे तापवून बुडवल्यावर लोखंड कडक झालं होतं), धार अशी की मनगटावरचे केस साफ. मूठ लेथवर कातलेली, काचेसारखी गुळगुळीत. बरोबर मधोमध भोक पाडलं, पातं ठोकून बसवलं आणि लांब धरून बघितलं, तर मूठ पूर्वेला आणि पातं आग्नेयेला.

मिस्त्रींना दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून मुठीकडून धारेकडे पाहिलं आणि म्हणाले, "मूठ झकास झालीय रे. आता हिला शोभेल अशी दुसरी पटाशी शोध."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं आजवर चाललंय. मूठ आधी सुबक करून मग तिला भोक पाडायचं नाही. आधी लाकडाच्या ओबडधोबड तुकड्यात भोक, त्यात शेपटी, आणि मग पात्याकडे बघत बघत त्या भोकाभोवती मूठ काढायची. कारखान्यातल्या पटाशीची शेपटी पात्याच्या रेषेत असते, तिला तयार मूठ चालते. हातोडीने ओढलेली शेपटी मात्र कुठेतरी झुकलेली असतेच. दोन अंशांचा फरक डोळ्यांना कळतही नाही, पण १५० मिमी लांबीच्या पात्याचं टोक तेवढ्याने ५ मिमी बाजूला जातं. तो कोन मुठीने सांभाळून घ्यायचा असतो.

शब्द आधी सांगून टाकतो. मुठीत शिरणारा निमुळता भाग म्हणजे शेपटी. पातं आणि शेपटी जिथे भेटतात तो रुंद बसका भाग म्हणजे खांदा. मुठीच्या तोंडावर चढवतात ती धातूची कडी म्हणजे शेंबी. वरच्या टोकाला, जिथे मोगरीचा (लाकडी हातोडीचा) मार बसतो तिथे घालतात ते कडं.

लाकडाबद्दल लोक फार विचारतात आणि बहुतेक वेळा झाडाचं नाव विचारतात. मला नावापेक्षा रेषा महत्त्वाच्या वाटतात. बाभूळ चालते, शिसव चालतं, अ‍ॅश, बीच, हॉर्नबीम सगळी चालतात. बाभूळ मार खाते, शिसव दिसायला देखणं पण जोरात ठोकलं तर तडकायला मागेपुढे पाहत नाही. साग मी मुठीला घेत नाही. उत्तम लाकूड, पण माराखाली दबतं. झाड कुठलंही असो, तुकडा करवतीने कापून घेऊ नका, कुऱ्हाडीने किंवा पाचर मारून फोडून घ्या. फोडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेतच फुटतं, त्यामुळे मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंतू अखंड मिळतात. करवत रेषा बघत नाही. तंतू जिथे तिरके बाहेर पडतात तिथेच पुढे मूठ चिरते. झाडाचा मधला बिंदू, जिथून वर्तुळं सुरू होतात तो, तुकड्यात नको. वाळताना त्याच्याभोवती चिरा पडतातच, कारण लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. आणि तुकडा वाळलेला हवा. उघड्या हवेत सावलीला साधारण २५ मिमी जाडीला एक वर्ष, हा जुना अंदाज अजून कामाला येतो. ओल्या लाकडात घट्ट बसवलेली शेंबी दोन महिन्यांत बोटावरच्या अंगठीसारखी फिरायला लागते.

तुकडा मी ४० मिमी चौरस आणि १६० मिमी लांब घेतो. तयार मूठ ३० मिमी जाड आणि १३० मिमीच्या आसपास होणार आहे, म्हणजे तिरकेपणा खपवायला चारी बाजूंनी थोडं मांस उरतं.

आता शेपटी. ती चौकोनी हवी, खांद्याकडून टोकाकडे एकसारखी निमुळती होत गेलेली, कोपरे जिवंत ठेवलेली. गोल शेपटी मुठीत फिरते, मग कितीही घट्ट ठोका. माझ्या नेहमीच्या पटाशीची शेपटी ६० मिमी लांब, खांद्याजवळ ८ मिमी आणि टोकाला ४ मिमी असते. तिच्यावर कानस फिरवून बघा. कानस घसरली, लोखंड खरवडलंच नाही, तर शेपटीलाही पाणी चढलंय आणि ती कधीतरी मुठीच्या आत मोडणार. तसं असेल तर पातं ओल्या फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि फक्त शेपटी टॉर्चने तापवून तिचं पाणी उतरवा, निळा रंग येऊन पुढे राखाडी होईपर्यंत. खूपच वाकडी असेल तर ती याच वेळी ऐरणीवर हळू ठोकून सरळ करता येते. शंभर टक्के सरळ करायच्या नादाला लागू नका. मी एकदा लागलो आणि शेपटी मोडून हातात आली.

खांद्याची बूड सपाट घासून घ्या. मार तिथून पात्यात जातो. बूड उंचसखल राहिली तर सगळा मार शेपटीवर येतो आणि शेपटी पाचरीसारखी मुठीत घुसत राहते. मी बुडाला मार्करची शाई लावतो, लाकडाच्या सपाट टोकावर टेकवून दाबतो आणि शाई कुठे उमटली ते बघून कानस मारतो.

भोक निमुळतं करायचं असतं आणि ड्रिल तर सरळ भोक पाडतं, म्हणून टप्प्याटप्प्याने. माझ्या मापाच्या शेपटीला ४ मिमीचं बिट पूर्ण ६० मिमी खोल, मग ५ मिमीचं ४० मिमीपर्यंत, मग साडेसहाचं २० मिमीपर्यंत. तुमच्या शेपटीचं माप वेगळं असेल तर हिशेब असा: प्रत्येक टप्प्याच्या तळाशी शेपटी जेवढी रुंद असेल तेवढं किंवा त्याहून केसभर बारीक बिट. रुंदी सपाट बाजूची धरायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची नव्हे, कारण कोपऱ्यांनीच तर लाकडात चावा घ्यायचा आहे. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. दर १० मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. आडव्या रेषांपेक्षा टोकाकडून पाडलेल्या भोकात भुसा जास्त अडकतो आणि बिट तापून वळायला लागतं.

यापुढचं काम शेपटीच करते. तिच्या चारही कोपऱ्यांवर तिकोनी कानशीने बारीक खाचा पाडा, करवतीच्या दातांसारख्या, टोकाकडे तोंड करून. धार चामड्याने किंवा जाड चिकटपट्टीने झाका. तुकडा व्हाइसमध्ये धरा, शेपटी आत घाला आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं फिरवत दाबा. टप्प्यांच्या कडा खरवडल्या जातात आणि भोक निमुळतं होत जातं. खांदा लाकडापासून १२ मिमी दूर राहिला की फिरवणं बंद. आता फक्त सरळ दाबायचं, सरळ ओढायचं, तुकडा उपडा करून भुसा झटकायचा, पुन्हा तेच. बाहेर काढल्यावर शेपटीकडे बघा: जिथे चकाकतेय तिथे लाकूड घासतंय. चारी कोपरे वरपासून खालपर्यंत सारखे चकाकायला लागले की भोक जुळलं. खांदा आणि लाकूड यांत ५ मिमी अंतर उरलं पाहिजे, ते शेवटच्या ठोक्यांसाठी राखीव. मऊसर लाकूड असेल तर ७–८.

तापवलेली शेपटी लाकडात जाळून बसवायची पद्धत जुनी आहे, जगभर चालते, मीही दोनदा केली. पहिल्यांदा बरी जमली. दुसऱ्यांदा ओलं फडकं गुंडाळायला विसरलो. शेपटी लाल, मी खूश, आणि बघता बघता खांद्याच्या खालून गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा असे रंग पात्यावर एकामागून एक धारेकडे सरकायला लागले. गवती रंग साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा ३०० च्या सुमाराला. निळा धारेशी पोचला की धारेचं पाणी उतरलंच. मी पातं पाण्यात बुडवेपर्यंत तो पोचला होता. पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी, पुन्हा घासणं. शिवाय जळालेल्या भोकाच्या भिंती कोळशाच्या असतात, आणि कोळसा ठोक्याखाली चुरतो. करायचंच असेल तर फडकं ओलं ठेवा, शेपटी मंद लालच्या पुढे नेऊ नका, तीन-चार सेकंदांत बाहेर काढा आणि काळा थर खरवडून टाका. मी आता या वाटेला जात नाही.

यापुढचा भाग या सगळ्या खटाटोपाचा जीव आहे.

शेपटी हाताच्या जोराने भोकात दाबून ठेवा. एक सपाट फरशी किंवा जाड काच घ्या. तिच्यावर २५ मिमी जाडीची सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीवर पटाशीची सपाट पाठ टेकवा, तुकडा पट्टीच्या बाहेर अधांतरी राहील असा. आता एका लाकडी ठोकळ्याला पेन्सिल आडवी बांधा, तिचं टोक पात्याच्या जाडीच्या मध्यावर येईल इतक्या उंचीला. ठोकळा फरशीवर सरकवत तुकड्याच्या दोन्ही बाजूंवर आणि मागच्या टोकावर रेघ ओढा. ही रेघ तुकड्याच्या कडेला समांतर नसेल. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल की ठोकळा हलला. हलला नाही, शेपटीचा तिरकेपणा तुम्हाला पहिल्यांदाच कागदावर मांडल्यासारखा दिसतोय. मग पटाशी कडेवर उभी करा. त्याआधी पात्याच्या रुंदीचा मध्य खांद्याशी आणि धारेशी मार्करने टिंबून ठेवा. दोन्ही टिंबं पेन्सिलीच्या एकाच उंचीला येतील अशी पटाशी खाली कागदाच्या घड्या सरकवून टेका आणि उरलेल्या दोन बाजूंवर रेघा ओढा. मागच्या टोकावर दोन रेघा एकमेकींना छेदतील. तो छेद म्हणजे तुमच्या मुठीचा खरा मध्य. माझ्या गेल्या पटाशीत तो तुकड्याच्या मध्यापासून ४ मिमी बाजूला होता.

तुकडा आणि शेपटी दोन्हींवर एका बाजूला खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शेपटी त्याच तोंडाने आत जाईल. मी एकदा खूण न करता चहाला उठलो होतो. परत आलो तर चार बाजू आणि चारही सारख्या.

पटाशी काढून घ्या आणि आता या रेघांना समांतर, रेघांपासून दोन्हीकडे १५ मिमीवर नव्या रेघा आखा. रंधा त्या रेघांपर्यंत मारा. जुन्या कडा विसरा. झालेला ३० मिमीचा चौकोन पात्याच्या रेषेत असेल, भोक मात्र त्यात किंचित तिरकं दिसेल. तसंच हवं.

लेथ असेल तर मागचा छेद आणि भोकाचं तोंड हे दोन बिंदू धरून कातता येतं. मी अष्टकोनी मूठ करतो. ती बाकावरून गडगडत नाही आणि पातं कुठल्या बाजूला आहे ते न बघता हाताला कळतं. चौकोनाचा अष्टकोन करायला बाजूच्या २९.३ टक्के आत खूण करायची, म्हणजे ३० मिमीला प्रत्येक कोपऱ्यापासून ८.८ मिमी. टक्केवारीचा कंटाळा असेल तर २४ भागांची पट्टी चौकोनावर तिरकी टाका, दोन्ही टोकं दोन कडांना लागू द्या, आणि ७ व्या व १७ व्या भागावर टिंब द्या. माप आपोआप बरोबर येतं. अष्टकोनाची एक सपाट बाजू पात्याच्या पाठीला समांतर राहू द्या. मूठ पुढून थोडी निमुळती केली की अंगठा छान बसतो, पण ते ज्याच्या त्याच्या हातावर. माझा अंगठा जाड आहे.

शेंबी शेवटच्या ठोक्याच्या आधी चढली पाहिजे. शेपटी म्हणजे पाचर, आणि ती आत जाताना लाकडाचं तोंड फुटू नये एवढ्यासाठीच शेंबी असते. हे उलट केलं तर शेंबी नुसता दागिना. तांब्याच्या किंवा पितळेच्या २२ मिमीच्या नळीचा १५ मिमीचा तुकडा पुरतो. मुठीच्या तोंडाशी १५ मिमीवर करवतीने सगळीकडून उथळ खाच घ्या, खाचेपर्यंतचं लाकूड सोलून काढा आणि शेवटी कानशीने गोल करा. हा गोल शेंबीच्या आतल्या मापापेक्षा ०.३ मिमी मोठा ठेवा, फक्त पुढची कड उतरती. शेंबीच्या आतली धारही मोडून घ्या, नाहीतर ती रंध्यासारखी लाकूड सोलत खाली उतरते आणि तुम्हाला वाटतं काय सुरेख बसली.

शेंबी तापवून बसवा असं सांगणारे भेटतात. हिशेब करून बघा. पितळ दर अंशाला दर मीटरमागे जेमतेम ०.०१९ मिमी फुगतं. २० मिमीची शेंबी १०० अंशांनी तापवली तर ती ०.०३८ मिमी मोठी होते. त्यासाठी बोटं कशाला भाजायची? शेंबी घट्ट बसते ती लाकूड दबतं म्हणून. एखाद्या नळीचा तुकडा वर ठेवून मोगरीने ठोका, झालं.

आता ठोकायचं. मूठ डाव्या हाताच्या मुठीत धरा, पातं खाली लोंबकळत, धार झाकलेली, खाली घडी केलेलं पोतं आणि पाय लांब. खांदा आणि मूठ यांच्यामध्ये जाड चामड्याची चकती घालायची असेल तर ती आत्ताच ओवा. किंकऱ्याला, म्हणजे खोल खाचा पाडायच्या जाड पटाशीला, मी घालतोच, कारण खाचा पाडताना त्याला सगळ्यात जास्त मार बसतो. मग मोगरीने मुठीच्या वरच्या टोकावर ठोका. पातं हवेतच आहे, कुठेही टेकलेलं नाही, तरी प्रत्येक ठोक्याला ते मिलिमीटरभर वर सरकतं. जड वस्तू जागेवरून हलायला नाखूश असते आणि मूठ तिच्या अंगावर उतरत जाते. कुऱ्हाडीचा दांडा असाच बसवतात. धार लाकडावर टेकवून वरून ठोकणारे लोक मी पाहिलेत. त्यात धार तरी जाते नाहीतर पातं तरी वाकतं.

दर तीन ठोक्यांनी एक डोळा मिटून रेषा बघा. आणि ऐका. सुरुवातीला आवाज बसका, धप्प येतो. खांदा टेकला की तोच ठोका टणक वाजतो आणि हाताला झिणझिण्या येतात. तिथे थांबा. ५ मिमीपैकी १ मिमी उरलं आणि पातं सरकेनासं झालं तर जोर वाढवू नका. पातं बाहेर काढा, भोक आणखी दोनदा खरवडा. त्या एका मिलिमीटरसाठी माझं शिसवाचं मस्त लाकूड शेंबीच्या खालून थेट वरपर्यंत उभं चिरलं होतं.

डिंक, इपॉक्सी वगैरे मी घालत नाही. शेपटी ४० मिमीपेक्षा आखूड असेल तर इपॉक्सी बरं, पण मग मूठ बदलताना ती फोडूनच काढावी लागेल, एवढं लक्षात असू द्या.

नळीच्या पटाशीचं काम उलटं: तिथे लाकूड धातूच्या आत जातं. हाताने वळवलेली नळी आतून कधीच नीट गोल नसते, सांध्याच्या जागी एक पाळ असते. नळीला आतून तेलाचं बोट फिरवा, वितळलेलं मेण ओता, थंड झालं की बाहेर काढा. आतला आकार पाळीसकट हातात येतो. त्यावरून शंकू करा. मग मेणबत्तीची काजळी नळीच्या आत धरून शंकू घाला, काढा, काळे डाग घासा, पुन्हा घाला. डाग सगळीकडे सारखे पसरले की झालं. शंकूचं टोक तळाला टेकता कामा नये आणि मुठीची कड नळीच्या ओठाला लागता कामा नये, दोन्हीकडे ३ मिमी मोकळे ठेवा. कड ओठाला टेकली की शंकू घट्ट व्हायचा थांबतो आणि मुठीचे तंतू ओठावर फाटतात.

लोखंडी हातोडीने ठोकणार असाल तर वरच्या टोकाला कडं हवंच. जपानी सुतार यासाठी 'किगोरोशी' करतात. शब्दाचा अर्थ लाकडाला मारणं. टोकाचा भाग हातोडीने सगळीकडून हलका चेचतात, तो दबतो, कडं २–३ मिमी खाली उतरवतात आणि वर राहिलेले तंतू ओले करून बाहेरच्या बाजूला चेचून कड्यावर टोपीसारखे वळवतात. दबलेलं लाकूड ओलाव्याने पुन्हा फुगतं आणि कडं जागच्या जागी अडकतं. हातोडीचा ठोका लाकडावर पडला पाहिजे, कड्यावर नाही. नुसती लाकडी मोगरी वापरणार असाल तर कड्याच्या भानगडीत न पडता टोक थोडं घुमटासारखं गोल करा.

पॉलिश पेपर १८० पर्यंत, त्याहून बारीक नको, घामाचा हात सटकतो. वर जवसाचं तेल, पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून, दिवसाआड तीन वेळा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, ती चुरगाळलेल्या फडक्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उलगडून दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा.

कोरड्या हवेत काही महिन्यांनी शेंबी हलायला लागली तर मूठ पाण्यात भिजवू नका. भिजवली की घट्ट होते हे खरं, पण फुगणाऱ्या लाकडाला शेंबी बाहेर येऊ देत नाही, तंतू आतल्या आत चेंगरतात, आणि वाळल्यावर ती आधीपेक्षा ढिली होते. त्यापेक्षा मुठीच्या डोक्यावर मोगरीचे दोन-तीन ठोके द्या, पातं खाली लोंबकळत ठेवून, आणि सेंटर पंचने शेंबीवर समोरासमोर दोन टिंबं मारा. टिंबाखालचं पितळ लाकडात रुततं. माझ्या त्या पहिल्या पटाशीला दुसरी मूठ बसवली तेव्हा मारलेली दोन टिंबं अजून तशीच आहेत, आणि शेंबी हललेली नाही.